कड मोकळी

धरणगावच्या जिनिंगमध्ये एकतीस हंगाम
मी कापसाला हात लावून भाव सांगत आलो.
मूठभर घ्यायचा, दोन अंगठ्यांत ताणायचा,
धागा कुठे तुटतो ते बघायचं.
कवडी कुठली, फरतड कुठली,
आयशरच्या तळाशी कुणी पाणी मारलंय,
डोळे मिटूनही कळायचं.
म्हणून टेबलावर डाव्या कुशीवर पडल्या पडल्या
जळगावच्या डॉक्टरांना म्हणालो,
पडदा जरा इकडे करा, मलाही बघू द्या.
आडनाव झोपे, आणि पेशंटला जागं ठेवतात.

त्याआधीचं सांगण्यासारखं नाही.
शिबिरात काडी आणि नळी दिली होती.
काडीवर घरून काय आणायचं
ते सिस्टरने खाली बघत सांगितलं,
मी वर बघत ऐकलं.
डोळ्याला न दिसणारं रक्त निघालं त्यात.
मग पावडरीचं ते खारट पाणी, तीन लिटर,
आणि पहाटेपर्यंत मी
आतून घासलेल्या कळशीसारखा.

पडद्यावर माझंच आतडं.
ओलं, गुलाबी, वळणावळणाचं,
कुणीच राहत नसलेल्या गल्लीसारखं स्वच्छ.
पहिला दिसला तो देठाचा,
लालबुंद, बोराएवढा, हलत होता.
दुसरा ज्वारीचा दाणा.
तिसरा तर मला दिसलाच नाही:
भिंतीला ओल यावी तसा चपटा,
पुसट.

मी बोराकडे बोट केलं. हाच ना वाईट?
डॉक्टर बोलले नाहीत.
त्या पुसट जागेवर निळं पाणी फवारलं,
तिच्या रेषा उठल्या,
आणि त्यांचा श्वास मला ऐकू आला.
"रूपावरून आम्ही नुसता अंदाज करतो, काका.
खरं काय ते काचेखाली."

तारेचा फास. आवळला, सुटला.
तीन बाटल्या, तिन्हींवर माझंच नाव:
पुंडलिक सुपडू बारी, एक.
पुंडलिक सुपडू बारी, दोन.
तिसरीवरचं मी वाचलं नाही.

आठ दिवस.
बोंड हिरवंगार, टणक, झाडावर मिरवणारं;
फोडलं की आत सरकी पोखरून
गुलाबी अळी निजलेली.
शेजारचं वेडंवाकडं, डागाळलेलं,
त्याच्या आत दूध.
न फोडता सांगणारा मला अजून भेटलेला नाही.
मग मी कोण होतो एवढी वर्षं?
आधीच फुटलेल्या बोंडावर
हुशारी करत होतो.

लॅबमध्ये मेणात बसवतात म्हणे तुकडा,
केसाहून पातळ कापतात,
जांभळा रंग देतात, गुलाबी देतात,
आणि कुणीतरी एक डोळा बारीक करून बसतं.
रिपोर्टखाली सही: डॉ. फरहत पिंजारी.
बरं वाटलं. आमच्याच धंद्यातलं आडनाव,
तंतू तंतू सुटा करून बघणारं.

बोराएवढा, ज्याच्यामुळे मी रात्री उठून बसायचो,
तो साधा निघाला. सूज नुसती.
दाणा साधा.
तिसरा कॅन्सर नाही,
पण पेशी रांग सोडायला लागल्या होत्या,
अर्ध्या वाटेपर्यंत आला होता.
आणि शेवटी दोन शब्द, टाइप केलेले:
कड मोकळी.

घरी कोकिळा दारातच.
"चांगलं शे का वंगाय?"
तिला एक शब्द हवा होता, माझ्याकडे तो नव्हता.
म्हणालो, अजून ठरलं नव्हतं त्याचं.
ती क्षणभर बघत राहिली.
"निंघी गयं ना?"
निघालं.
"मंग जेवी ले."
वरण होतं, बट्ट्या होत्या.
बट्टी फोडली
आणि आत शिजलीय का ते बघत राहिलो,
ती ओरडेपर्यंत.

तीन वर्षांनी पुन्हा बोलावलंय.
कार्ड तांदळाच्या डब्यात आहे.

काल फाटकाशी एका पोराने मूठ उघडली,
काका, नुसतं बघून सांगा ना.
मी म्हटलं, बस इथं.
कापूस बाजूला ठेवला
आणि त्याला त्याच्या बापाचं वय विचारलं.