सेकंड माल

सुवार्ताला एप्रिल आवडतो.
त्रेचाळीस डिग्रीत अख्खं सोलापूर तोंड बांधून फिरतं,
सात रस्त्याला, पार्क चौकात, आसऱ्याला,
गाडीवरल्या सगळ्या पोरी म्हणजे नुसते डोळे.
कुणी विचारत नाही,
"गालाला काय झालंय गं तुझ्या?"

रविवारची शाळा भरते चर्चमागच्या व्हरांड्यात.
अकरा मुली, एक पंखा, तोही कुरकुरणारा.
माझ्या हातात पुण्याहून आलेलं पुस्तक:
पाठ सातवा, "तू सुंदर आहेस."
मी वाचलं. त्यांनी ऐकून घेतलं.
प्रिस्कानं पावडरची डबी
बाकाखालून शलोमीकडं सरकवली,
आणि सुवार्ता स्कार्फच्या आतून म्हणाली,
"मिस, हे सगळ्यांनाच सांगतात का?"

मला उत्तर आलं नाही.
खोटं कशाला बोलू,
सातव्या पाठावर माझाच विश्वास नव्हता.

मी फाटक्या ओठाची जन्मले.
मिरजेला मिशनच्या दवाखान्यात शिवला तो,
शिवण राहिली.
बघायला आलेल्यांतली एक आत्या
चहाची बशी फुंकत म्हणाली होती,
"मुलगी गुणाची आहे हो, पण सेकंड माल."

बाबा चादरीच्या कारखान्यात.
सेकंड माल त्यांना नवा नव्हता:
कुठं धागा सुटलेला, कुठं मोराची मान चुकलेली,
शिक्का मारायचा, किलोवर विकायचा.
आमच्या घरात सगळ्या चादरी तसल्याच.
बाबा काही बोलले नाहीत. कपबशा उचलल्या.
रात्री माझ्या अंगावर चादर ओढून म्हणाले,
"ऊब कमी लागते का, सांग की."
मी सांगितलं नाही.
मी भिंतीकडं तोंड करून झोपले होते.

यंदा पुनरुत्थानाच्या रविवारी
पहाटे साडेचारला दफनभूमीत जमलो.
कुणाच्या हातात मेणबत्ती, कुणाच्या मोबाइलचा उजेड.
अंधार होता, म्हणून सुवार्ताचं तोंड मोकळं.
पाळक थोमाची गोष्ट वाचत होते,
लहानपणापासून ऐकून गुळगुळीत झालेली,
आणि मी मध्येच अडखळले.

मरणातून उठून आलेला माणूस.
दगड लोटलेला, दारं बंद असलेल्या खोलीत शिरलेला.
त्याला तळहाताची दोन भोकं बुजवता आली नसती?
नवं अंग, कोरं, डागाविना,
मागितलं असतं तर मिळालं असतं.
नाही मागितलं त्यानं.
खुणांसकट आला.

हे मी सुवार्ताच्या कानाशी बोलले,
नीट जुळवून नाही, जसं सुचलं तसं.
ती गप्प.
दोन कबरी ओलांडल्यावर म्हणाली,
"झाकलं नाही त्यानं?"
"नाही."
"कुणी विचारलं नाही, काय झालंय म्हणून?"
"थोमा तर बोट घालून बघणार म्हणाला होता."
"मग? राग आला त्याला?"
"नाही गं. हात पुढं केला त्यानं."

उजाडलं. आठलाच चटके बसायला लागले.
मुलींनी स्कार्फ गुंडाळले,
सुवार्तानंही गुंडाळला,
ऊन काय, ते पोळणारच.

पण त्याआधी, चर्चच्या पायरीवर,
तिनं प्रिस्काकडं डबी मागितली.
पावडरला हात लावला नाही.
आरशात आधी हा गाल धरला, मग तो,
सावळा, मग पांढरा,
जशी बाया दुकानात चादर उलटून बघतात
आणि दुसऱ्या अंगालाही तीच नक्षी निघते,
रंग तेवढे जागा बदललेले.

बराच वेळ बघत होती.
चेहऱ्यावर काय होतं ते मला नाही सांगता यायचं.
हसू नव्हतं. रडूही नव्हतं.

मग डबी मिटली नाही तिनं,
तशीच उघडी माझ्याकडं दिली.
"मिस, तुम्ही."

एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा
मी ओठावरचे टाके मोजले.
पाच.
मला वाटायचं, खूप आहेत.