जन्मतारखेचा रकाना

पाटण आगाराच्या वरच्या खोलीत
मी एक रकाना दुरुस्त करत होते.
जन्मतारीख.
माणसं दोनशे अकरा,
आणि तारीख लिहायच्या निदान चौदा तऱ्हा :
टिंब देऊन, तिरकी रेघ देऊन,
कुणी नुसतंच 'जून ६७',
कुणी 'दाखल्याप्रमाणे'.
शेवटी सदुसष्ट लिहिलं की यंत्र धरायचं
दोन हजार सदुसष्ट.
म्हणजे अजून जन्मायचीच होती अशी माणसं
आमच्याकडं मेअखेर निवृत्त होत होती.

म्हणून मी टायपिंगच बंद केलं.
चौकटीवर टिचकी मारली की उघडेल
असं एक इवलं कॅलेंडर बसवलं.
आठवडा रविवारी सुरू व्हायचा, तो सोमवारवर आणला.
महिने मराठीत केले.
आजच्या पुढचे दिवस करडे केले,
कितीही दाबा, दबणार नाहीत.
मागं जायला एकेका महिन्याचा बाण होता;
अठ्ठावन्न वर्षं मागं जायला
सहाशे शहाण्णव वेळा कोण दाबत बसणार?
वर्षांची वेगळी यादी लावली.
चुकलं तर लाल अक्षरांत 'अवैध मूल्य' उमटायचं.
ते खोडून लिहिलं :
'पुन्हा एकदा बघा हो.'

सगळं भरून झाल्यावर क्रमानं लावलं
तर दोनशे अकरांतले एकशे तेवीस
एक जूनचे.
अख्खं खोरं एकाच दिवशी बाळंत झालेलं.
मला ठाऊक होतं तसं.
पोराचा उजवा हात डोक्यावरून घ्यायचा,
डाव्या कानाला लागला की पोरगं सहा वर्षांचं,
आणि मास्तरांची दौत एक जूनची.
पण एकाखाली एक, इतक्या ओळी
कधी पाहिल्या नव्हत्या.

कोंडिबा झोरे वर आले वर्कशॉपमधून,
बोळ्यानं हात पुसत, तरी काळेच.
'नायकवडीबाई, माझी बरोबर हाय का बघा.
मेला सुटतोय.'
एक जून सदुसष्ट. बरोबर आहे, म्हटलं.
'कागदावर बरोबर.
आई म्हनायची, तू भूकंपाचा.
रातभर कळा, पहाटं भिंत गेली,
आन तू खळ्यात, घोंगड्यावर.
घरात मला अजून हादऱ्याच म्हनत्यात.'

दाबून बघा की तुम्हीच, म्हटलं.
त्यांनी करंगळी पुढं केली,
त्यातल्या त्यात स्वच्छ तीच.
यादी सरकवत सरकवत सदुसष्ट.
डिसेंबर.
अकरा तारीख 'सो'च्या खाली उभी होती.
'सोमवारच,' म्हणाले,
'ऐतवारच्या भाकरी शिळ्या होत्या म्हनं चुलीपाशी.'

टक्.
कॅलेंडर मिटलं, तारीख बसली,
आणि शेजारच्या रकान्यात, जिथं मी सूत्र घातलं होतं,
एकतीस मेची एकतीस डिसेंबर झाली.
आपोआप.
सात महिने.
आम्ही दोघंही त्या आकड्याकडं बघत राहिलो.
खाली कुणीतरी गाडी रेस करत होतं.

'न्हाय वो,' म्हणाले, 'परत जून करा.
मास्तर भला मानूस हुता.
हात कानाला पोचतच नव्हता माझा,
त्यानं पोचवला.'

केला जून. सेवापुस्तकाशी जुळायला हवाच.
ते गेले,
माउसवर करंगळीएवढा डाग राहिला.

कॅलेंडर कुठल्या महिन्यावर उघडावं
हे ज्याच्या त्याच्या ओळीला सांगता येतं.
सगळ्यांचं भरलेल्या तारखेवर उघडतं.
ओळ क्रमांक अठ्ठ्याण्णव तेवढी
चौकटीत एक जून दाखवते,
पण टिचकी मारली
की समोर डिसेंबर सदुसष्ट.

परवा साताऱ्याहून विभागीय कार्यालयाचा फोन होता.
मॅडम, एका ओळीचं कॅलेंडर
चुकीच्या महिन्यावर उघडतंय.

बघते, म्हटलं.