तिसरा तुकडा

कार्डलाच्या वाचनालयात, मागच्या खोलीत,
जिथं पूर्वी फाटकी पुस्तकं शिवायला बसायचे,
तिथं विर्वे आणि मी धडे बनवत होतो.
ऑनलाइन बैठकीचे. दोन-दोन मिनिटांचे.
तालिनहून आलेल्या कागदात एकच अट ठळक:
प्रत्येक धडा स्वतःच्या पायावर उभा राहावा.
‘मागं पाहिलंत तसं’ असं म्हणायचं नाही.
कोण कुठून आत येईल, सांगता येत नाही,
आणि एक काढला तर बाकीच्यांना
धक्का लागता कामा नये.

विर्वे म्हणाली, म्हणजे विणकाम नको,
बटणांचा डबा हवा.

तिसरा होता माइकचा. आवाज तिचाच.
चौदा वेळा रेकॉर्ड केला.
तेराव्या वेळी बंदरावरून फेरीचा भोंगा आला,
चौदाव्या वेळीही आला,
मग आम्ही तो राहू दिला.

तपासायला एंडेल. वय एक्याऐंशी.
उभा जन्म दीपगृहाची यंत्रं दुरुस्त करण्यात गेला.
टोपी न काढता बसला, आणि पहिलाच प्रश्न:
“उजवीकडच्या कोपऱ्यात, म्हणजे कुणाच्या उजवीकडे?”
आम्ही संहिता पुन्हा लिहिली.
सहाव्या धड्याला तो अडला.
“निघतो म्हणायचं आधी, की लाल बटण आधी?”
खरंच की.
या बेटावर निरोपाला अर्धा तास लागतो,
कोट चढवून, दारात उभ्यानं,
विहिरीचं, कुत्र्याचं, कुणाच्या तरी गुडघ्याचं
बोलणं होतं,
तेव्हा कुठं पाय उंबऱ्याबाहेर पडतो.
आम्ही नऊ सेकंद वाढवली: आधी सांगा, मग दाबा.
तालिननं ती कापली.
शेरा होता, सॉफ्टवेअरशी संबंध नाही.

ऑक्टोबरात विर्वे लेकीकडे गेली, ताम्पेरेला. कायमची.
जाताना चहाचा मग विसरली, की ठेवून गेली,
मी विचारलं नाही.

नोव्हेंबरात नवी आवृत्ती आली.
माइकचं बटण खालून उठून वर जाऊन बसलं
आणि एका रात्रीत तिसरा धडा खोटा ठरला.
बाकी अकरा शाबूत.
ठरल्याप्रमाणेच सगळं झालं:
तो तुकडा उपसला, तिथं माझा बसवला.
एका दमात रेकॉर्ड झाला.
वादळानं फेरी बंद होती, भोंगा नव्हता.
कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एंडेलचा फोन आला.
“तिसऱ्यातली ती बाई कुठं गेली?
ती ‘आता’ म्हणायची आणि श्वास घ्यायची.
तेवढ्यात मी बटण शोधायचो.”

मी धडा पुन्हा उघडला.
‘आता’च्या पुढं दोन सेकंदांची शांतता चिकटवली.
मोजलेली, स्वच्छ.
तिच्यात कुणी श्वास घेत नव्हतं, पण एंडेल म्हणाला,
चालेल.

रविवारी विर्वेचा कॉल.
मागं ताम्पेरेचं स्वयंपाकघर, कुणाची तरी सायकल,
आणि ती बोलतेय, हातवारे करून, हसून,
बहुधा बटाट्यांबद्दल, किंवा नातवाबद्दल,
आणि तिच्याकडून एक अक्षर येत नाही.
अख्ख्या बेटाला माइक शिकवणारी बाई
मूग गिळून बसल्यासारखी
भडाभडा बोलतेय.

हसू आलं. लगेच सांगितलं नाही.
नवं बटण वर आहे
हे तिला कोण सांगणार होतं?
तिच्या ओठांवर मला काहीच वाचता आलं नाही,
फक्त कुठंतरी मध्येच ती थांबली,
ते थांबणं ओळखीचं होतं.

मग मी म्हणालो, “विर्वे, वरच्या पट्टीवर बघ.
आता—”

आणि गप्प राहिलो.
तिची नजर पडद्यावर वर सरकत गेली,
चष्मा कपाळावर चढवून
ती शोधू लागली.