कानामागची

वालारूच्या बोलिंग क्लबात चाळीस वर्षं
मी गवत राखलं.
टोपी होती. खिळ्याला होती.

नाकाच्या शेंड्यावर मसुराएवढा दाणा आला,
मोत्यासारखी चकाकी असलेला.
खपली धरायची, पडायची, रुमालाला लाल ठिपका.
मी म्हणायचो, दाढी करताना लागलं.
नाकावर कधीपासून दाढी येते, जोरी पेंगेली?
असं बारमागून लॉवेनानं विचारलं,
तेव्हा कुठे मी फोन उचलला.

ॲडलेड, दोन तासांवर.
डॉक्टर स्टॅमॅटिस पातळ थर काढायची
आणि भिंगाखाली बघायला आत जायची.
बाहेर आम्ही तिघं: एक द्राक्षमळेवाला, एक बस ड्रायव्हर, मी.
तिघांच्या तोंडावर पट्ट्या. बिस्किटांचा डबा फिरत होता.
"अजून थोडं आहे," ती दोनदा म्हणाली.
तिसऱ्यांदा म्हणाली, "कडा स्वच्छ आहेत."

ही भाषा मला येते.
हिरवळीतला रोगट चट्टा असाच काढतात,
पिवळं संपून हिरवं लागेपर्यंत,
आणि वर बोटभर हिरवंसुद्धा.

मग तिनं आरसा दिला.
दहा सेंटच्या नाण्याएवढा खड्डा.
नाक कापलं जाण्याची लोक एवढी धास्ती घेतात;
मला वाटलं, एवढंच?
आणि मग पाय गार पडले.

"इथे कातडी लावू या. जुळणारी."
मैदानाला ठिगळ लावताना मी शेडमागचं गवत घ्यायचो,
तेच बी, पण कुणाच्या पायाखाली न आलेलं.
हे तिला सांगणार, तेवढ्यात
दोन बोटांनी माझा कान पुढे मुडपून ती म्हणाली,
"इथली."

इथली!
शनिवारी रात्री, पत्र्याच्या टबात,
आई कान असाच मुडपायची
आणि खरखरीत फडक्यानं घासायची, कातडी लाल होईस्तोवर.
"उद्या चॅपलमध्ये मागच्या बाकावरच्यांना
तुझं एवढंच दिसणार आहे."
त्यानंतर साठ वर्षं तिकडे कुणी बघितलं नव्हतं.
उन्हानंही नाही.

नाकावर पिवळ्या औषधी जाळीचा बोळा, टाक्यांनी आवळून बांधलेला.
वाकायचं नाही. नाक शिंकरायचं नाही.
शिंक आलीच तर तोंड उघडून.
नव्या गवतावर "पाय ठेवू नये" अशा पाट्या
मी हातानं रंगवलेल्या आहेत, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?
उशांना टेकून बसल्या बसल्या झोपलो.
खिडकीतून दिसायचं, टॅम्ब्लिनचा पोरगा
गवत फार खाली कापतोय.

सातव्या दिवशी बोळा निघाला.
खाली जांभळं, नासक्या आलुबुखारासारखं.
गेलं, मी मनात म्हणालो.
"धरतंय," ती म्हणाली.
पहिले दोन दिवस ही कातडी नुसता खालचा ओलावा पिऊन जगते,
मग खालून रक्त वाट काढत येतं.
गवताची चौकट रुजली का ते बघायला
मी कोपरा हलकेच ओढून बघतो.
हात खिशात घातला.

आता तीन महिने झाले.
ठिगळ थोडं खोल आहे, थोडं चकचकीत,
एकही वांग नसलेलं.
कानामागून आली खरी,
पण तिखट कसली? तिला अजून ऊन म्हणजे काय तेच माहीत नाही.
सकाळी मलम लावताना बोट कळतं, नाक नाही.
शनिवारी मात्र फडकं ओलं करतो
आणि उगाच जरा जास्त वेळ पुसतो.

टोपी खिळ्यावरून काढली. आत कोळ्याचं घर होतं;
ते बाहेर नेऊन झटकलं.

डावा कान डोक्याला जरा चिकटून बसलाय,
त्यामुळे चष्मा तिरका बसतो
आणि मैदान एका बाजूला कललेलं दिसतं.
लॉवेना म्हणते, काडी वाकवून घे.
बघू.
आमच्या खेळातला चेंडू एका अंगाला जडच असतो,
सरळ टाकलेला
सरळ कधी जात नाही.