कमरेखाली

सेंदाईत, तिसऱ्या मजल्यावर,
चिझुरुच्या वाट्याला आले
सोळा गुणिले सोळा चौकोन.
तेवढ्यात बसवायचा होता एक बीळखोदू राक्षस,
पोरांनी पकडून साठवावा असा.

नाक आलं, मिचमिचे डोळे आले,
उकरलेल्या मातीचा ढीग आला
आणि जागा संपली.
"पाय जमिनीत आहेत," ती साहेबाला म्हणाली.
पटलं त्याला.

मग पत्रं: खाली काय आहे?
पंजे? शेपूट? आणखी कुणी?
अकिताहून एका पोरीने
लोकरीचे मोजे पाठवले,
चार.
अंदाजाने.

खेळ कधीच बंद पडला.
मोजे खणात आहेत, न घातलेले.
परसात मुळे उपटताना
चिझुरु आधी
बोटाने माती टोकरते,
थांबते जरा,
दार वाजवल्यासारखी.