एक वीत

पंधरा इंचाच्या वेगानं टेप फिरते तेव्हा
एक शब्द भरतो साधारण एक वीत.
हे मला पुस्तकानं नाही, ब्लेडनं शिकवलं,
मंगळवार पेठेत, पिठाच्या गिरणीवरच्या स्टुडिओत,
जिथं खालची गिरणी थांबल्याशिवाय
वर रेकॉर्डिंग सुरू व्हायचं नाही.

गाणं केरबा वडणगेकरचं.
साखर कारखान्यात वजनाच्या पावत्या फाडायचा
आणि त्यांच्याच पाठीवर लिहायचा.
गळा सगुणाबाईचा.
ढोलकीवर इब्राहिम मुजावर, अंगात ताप.

आधी तुझा काटा तपास,
मग माझं वजन सांग

एवढीच ओळ.
बाकी गाण्यात चोळी होती, गाठ होती, विडा होता,
रात्रीचे अडीच वाजले होते,
त्याला कोण काही बोललं नाही.
दोन अर्थांचं गाणं जत्रेत खपतं.
हे एकाच अर्थाचं आहे
असं चेअरमनला कुणीतरी सांगितलं.

मग मोर्चा निघाला, अश्लीलतेविरुद्ध,
बिंदू चौकातून, कारखान्याच्या ट्रकनं आलेला.
संस्कृतीवर बोलायला ज्याला उभं केलं
तो आदल्याच आठवड्यात
दोन कॅसेटी घेऊन गेला होता. उधार.

फौजदार म्हणाले, शब्द बदला, विषय संपला.
रात्रभर बसलो. तीन किटल्या चहा.
वाटा म्हटलं तर चेअरमनला जास्तच लागेल.
फाटा म्हटलं तर तो कुणी कुणाला दिला
हे अख्ख्या करवीर तालुक्याला ठाऊक.
नोटा म्हटल्यावर केरबानं नुसता कान पकडला.
साधे, घरातले शब्द,
पण त्या वर्षी सगळ्यांनाच टोक आलेलं.

सगुणाबाई तंबाखू मळत ऐकत होती.
म्हणाली, मी एकदा गायले.
दुसऱ्यांदा गायचं तर दुसरी बिदागी.
न्हाईतर कापा काय ते.

मी कापला.
तिरकी चीर, पांढरी पट्टी, नखानं दाबून बसवली.
मोकळ्या जागी इब्राहिमची एक थाप.
धाप्प.

तर लोकांनी ती थापच उचलली.
वडापच्या जीपमध्ये, तालमीच्या कट्ट्यावर,
रंकाळ्यावर भेळ खाता खाता
'आधी तुझा' म्हणून मांडीवर हात.
वार्षिक सभेत चेअरमन माइकपाशी आले
की मागच्या रांगेतून धाप्प.
पंधरा दिवसांत दुसरा कागद:
सदर गीतातील आक्षेपार्ह थाप वगळण्यात यावी.
इब्राहिमला हसता हसता ठसका लागला.
मी तीही वगळली.

मग जत्रेत बाई त्या जागी गप्प उभी राहायची,
पदर सावरत, चार मात्रा,
आणि तंबूभर माणसं श्वास धरून.
फौजदार पहिल्या रांगेत, मांडीवर वही, पेनाचं टोपण उघडं,
लिहायचं काय ते सुचत नाही.

मला शूर समजू नका.
मी दोन्ही वेळा कापलं, दोन्ही वेळचे पैसे घेतले,
चाळीस आणि पंचवीस.
केरबाला काट्यावरून उचलून मळीच्या टाकीवर टाकला,
तेव्हा भेटायलासुद्धा गेलो नाही.
पहिली वीतभर टेप गुंडाळून सुपारीच्या डबीत ठेवली
ती फक्त टाकायची कुठं कळेना म्हणून.

परवा स्टुडिओ मोकळा केला.
लक्ष्मीपुरीतला भंगारवाला, वीस-बावीसचा पोरगा,
टी-शर्टवर मोठ्या अक्षरात 'काटा किर्रर्र',
रिळं पोत्यात भरून तराजूला अडकवत होता.
माझ्या तोंडून गेलं. चालीत नाही, सहज:
आधी तुझा काटा तपास.
पोराचा चेहरा लाल.
काका, शिक्का बघा की. खोट वाटती काय?
रस्त्यावरची दोघं थांबली.
नाही रे बाबा, म्हटलं, गाणं होतं एक.
कसलं गाणं?

काटा हलत हलत थांबला.
सव्वीस किलो.
डबी माझ्या खिशात होती.