दुभाषी

दुभाषी हे अध्यक्षांचं आडनाव. काम मात्र माझं.
फोंड्याला, वरच्या बाजारात, टाइल्सच्या दुकानावरचा मजला,
लांब टेबल, काजूगरांची बशी,
मुख्य कार्यकारी अधिकारी पदासाठी मुलाखती.

सकाळी तिघं येऊन गेले.
निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, आता सेवा करायची आहे.
पुण्याच्या बाई 'दिव्यांग' म्हणण्याआधी दर वेळी थांबत,
निसरड्या पायरीवर पाय टाकावा तशा.
तिसऱ्याने गाडीचं विचारलं.
चौथ्यापुढे 'गैरहजर' लिहिलं.
मी कोपऱ्यात. हातांना काम नव्हतं.

मग प्रज्वला वेळिप आली, केप्याहून, दोन बस बदलून.
जन्मापासून ऐकू येत नाही; अर्जाच्या पहिल्याच ओळीत तसं होतं.
ती हातांनी बोलली, मी तोंडाने:
"मी सहा वर्षं लढले."
बार्रेटो हसले, माझ्या मिशीकडे बघून.
पण नियम आहे तो. तिचा मी तोच माझा मी.
तिचं 'लढले' मी 'लढलो' करायचं नाही.
तर मी अर्ज केले, मी हेलपाटे घातले,
मी फेरीबोटीच्या धक्क्यावर उभी राहिले.
"बोट सुटताना भोंगा देते. दिवाही लावा, एवढंच मागत होते.
तीनदा माझ्या डोळ्यांदेखत फळी उचलली.
चौथ्यांदा मी फळीवरच बसले."

"दिवा लागला?" केंकरेबाईंनी मला विचारलं.
"लागला. मग बल्ब गेला. त्याचा पाठपुरावा चालू आहे."

सगळे माझ्याकडेच बघत होते. माणसाची नजर आवाजाकडे जाते,
त्यात वाईट काही नाही. पण मला भीती वाटायला लागली,
आता ही नोकरी मलाच देऊन टाकतील.

तेवढ्यात अध्यक्ष माझ्या कानाशी, हळू:
"हें तिका सांगूं नाका. पूण मंत्र्याचो फोन आयलो
जाल्यार घेतलो कोण?"

खोलीत बोललेलं सगळं पोचवायचं, हा दुसरा नियम.
मी पहिल्यापासून सुरुवात केली. हे. तिला. सांगू नका.
मग मंत्री. मग फोन.
माझे हात दुभाषींना त्या दिवशी पहिल्यांदाच कळले असावेत.
उचललेला काजूगर त्यांनी बशीत परत ठेवला.

ती मोठ्याने हसली.
आणि तासाला चारशे रुपये देणाऱ्या माणसाच्या तोंडावर
मला म्हणावं लागलं:
"फोन तुम्हीच घ्या. आठ वर्षं घेताच आहात.
या इमारतीला लिफ्ट कधी, तेही त्याच फोनवर विचारा.
मला जिना चढता येतो.
तुमचा चौथा उमेदवार, काजेतान परेरा, चाकाच्या खुर्चीत,
अकरा वाजल्यापासून खाली दुकानात बसलाय.
येताना भेटले मी त्याला."

पंखा चालू होता. केंकरेबाईंनी यादी उलटी करून ठेवली.
मग खुर्च्या खाली गेल्या. काजूगरसुद्धा.
त्याची मुलाखत ग्रॅनाइट आणि वॉश-बेसिनच्या मध्ये झाली,
एक गिऱ्हाईक मधूनच भाव विचारून गेलं म्हणतात.

वर आम्ही दोघंच.
तिने विचारलं, तुला काय वाटतं?
मला एकदम सुचेना. तासभर मी तिचा होता,
माझा कुठे ठेवलाय ते आठवावं लागलं.
मग हात उचलले. काय बोललो ते इथे लिहीत नाही.
खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

साडेपाचला क्लार्कने व्हाउचर आणलं.
'श्रीमती वेळिप, दुभाषी, रुपये बाराशे.'
खोडून माझं नाव घातलं.
"सही राहिली," तो म्हणाला.
खाली छापलेलं: मुख्य कार्यकारी अधिकारी. पुढे नुसती रेघ.
"नेमणूक झाली की या. कोण का होईना,
पहिली सही तुमच्यावरच मारायला सांगतो."

कागदाची घडी खिशात घातली.
"बरं, येते," म्हणालो.